मामाजींच्या गाडीतले रंगीत धागे

जिल्ह्यातल्या बाकी सगळ्या गाड्या बॅटरीवर सुरू होतात. माझ्या सासऱ्यांची गाडी त्यांच्या आत्मविश्वासावर सुरू होते. बॅटरी बसवलेली आहे, पण ती रीत म्हणून. त्यांच्या गावाकडे, मोहाडीला, सासऱ्याला मामाजी म्हणतात. या मामाजींनी जन्मभर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणल्या आणि विकल्या. रंगाच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. गावातले दुसरे विणकर काठासाठी रंगवलेल्या लडी घेऊन त्यांच्याकडे यायचे आणि मामाजी त्या उन्हात धरून न्यायाधीशासारखा निकाल द्यायचे. या निकालावर अपील नव्हतं.

गाडी अर्थातच जुनी. एका पावसाळ्यात ती धानाच्या पोत्यांशेजारी उभी राहिली आणि उंदरांनी बॉनेटखालच्या वायरी कुरतडून टाकल्या. मेकॅनिकला बोलावू या, असं मी सुचवलं. मामाजींनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "वायर म्हणजे काय जी, जावईबापू? धागाच तो. त्याच्यातून करंट जाते, एवढाच फरक." मग त्यांनी बाजारातून स्वस्त पडतं म्हणून एकाच लाल वायरीचं भलंमोठं वेटोळं आणलं आणि अंगणात बसून सगळी गाडी नव्यानं ओवली. सगळ्याच वायरी लाल, मग कोणती कुठली हे कळावं म्हणून प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना उरलेला कोशाचा रंगीत धागा गुंडाळला. हॉर्नला हिरवा, डाव्या इंडिकेटरला निळा, दिव्यांना हळदी. चिकटपट्टीचा त्यांना तिटकारा. जोड विणकराच्या गाठीनंच द्यायचा. बॉनेट उघडलं की आत कुणाचं तरी लग्न चालू असल्यासारखं दिसायचं.

बिघाड शोधण्याची त्यांची पद्धतही घरगुती होती. ते टेस्टर घेऊन मागच्या दिव्याजवळ उकिडवे बसत आणि सासूबाईंना ब्रेक दाबायला पुढच्या सीटवर बसवत. सासूबाई रिकाम्या बसत नसत. तांदळाचं सूप मांडीवर घेऊन बसत.

"दाब!"

"दाबूनच राहिली ना!"

"मंग दिवा काहून नाही लागून राहिला?"

"ते मले काय विचारता? मी तांदूळ निवडून राहिली."

कुंपणापलीकडून शेजारी हा संवाद चवीनं ऐकत आणि मी वर्तमानपत्रात तोंड घालून, आपण या घरचे जावई नसून वाट चुकलेले पाहुणे आहोत, असा चेहरा करत असे.

एवढं होऊनही गाडीत एक खोड राहिलीच. डावीकडे वळताना इंडिकेटरऐवजी हॉर्न वाजायचा, तोही वळण संपेपर्यंत. मामाजींच्या मते ही सुधारणा होती. आंबागडला एका नातेवाइकांच्या तेरवीला, म्हणजे तेराव्याच्या जेवणाला, आम्ही गेलो, तेव्हा त्यांचं घर दुर्दैवानं डाव्या हातच्या गल्लीत निघालं. मांडवात बसलेली माणसं दचकून उभी राहिली. पंगतीत वाढणाऱ्याच्या हातातली पळी तशीच राहिली. मामाजी गंभीरपणे हात जोडत उतरले. मी मात्र चपला शोधण्याच्या निमित्तानं बराच वेळ सीटखाली वाकून होतो, आणि चपला माझ्या पायांतच होत्या.

मग मामाजींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघून डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते बॉनेट उघडण्याचं. सकाळचं लख्ख ऊन होतं. हातातला टेस्टर तसाच धरून ते आत बघत राहिले. मग तळहातानं नवा डोळा झाकला, पुन्हा पाहिलं. मग जुना झाकला.

"जावईबापू, हा धागा कोणता?"

"हिरवा."

"अन् हा, त्याले जोडला तो?"

"निळा."

मोतीबिंदूच्या डोळ्याला हिरवा आणि निळा सारखेच दिसत होते, म्हणून हॉर्नची हिरव्या धाग्याची वायर त्यांनी इंडिकेटरच्या निळ्या धाग्याच्या वायरीला बांधली होती. मला हसू येत होतं, कारण इतक्या दिवसांचं कोडं सुटलं होतं. पण मामाजी गाडीकडे बघतच नव्हते. ते घरात गेले आणि सासूबाईंसमोर उभे राहिले. त्यांच्या अंगावरची साडी मामाजींनी गेल्या दिवाळीला स्वतः विणून दिली होती. तिचा एक काठ हिरवा होता, दुसरा निळा.

"तुले दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी रंगाचं कधी कोणाचं ऐकलं?" सासूबाई म्हणाल्या. मग हळू आवाजात, "मले वाटलं, बाकीच्या साड्या तरी बरोबर असतीन."

त्या हंगामातली आणखी एकच साडी त्यांनी स्वतः विणली होती, सानगडीच्या एका नवरीसाठी. दुसऱ्या दिवशी मी त्यांना तिकडे घेऊन गेलो. नवरीच्या आईनं आनंदानं साडी बाहेर आणली. तिचेही दोन काठ दोन रंगांचे. "भाऊ, आमाले तर नवीन फॅशन वाटली. साऱ्याइनं नावाजली. माह्या बहिणीलेही अशीच पाहिजे."

दुसरा कुणीही या वाक्यावर सुटून गेला असता. मला वाटलं, यालाही आता सुधारणा म्हणतील. त्यांनी साडी मांडीवर घेतली, काठावरून बोट फिरवलं आणि मान वर न करता म्हणाले, "फॅशन नाही, बाई. चुकलं माह्यं. दुसरी विणून देतो." त्या ओसरीवर कुठे बघावं हे मला कळेना. आजवर त्यांच्या तोऱ्याची मला लाज वाटायची. त्या दिवशी तो उतरलेला पाहवेना.

आता त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं आहे. डॉक्टर म्हणतात, तुमच्या जावयापेक्षा तुम्हाला स्वच्छ दिसतं. तरीही मागावर नवा धागा चढवण्याआधी ते सासूबाईंना हाक मारतात, शेजारी ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारतात, "हा निळाच आहे ना?" आणि त्या हो म्हणेपर्यंत धोटा हातात धरून थांबतात.