डावीकडची मीटरं

होडी विकून मी पिकअप घेतली आणि ते कळल्या दिवसापासून बायकोने माझ्याशी बोलणं टाकलं. होडी तिच्या वडिलांची. त्यांना मुलगा नाही, म्हणून जाण्याआधी ते ती माझ्या नावावर करून गेले होते. बायको बहिणीच्या बाळंतपणासाठी दाभोळला असताना गिऱ्हाईक दारात आलं आणि मी व्यवहार करून मोकळा झालो. म्हटलं, आली की सांगू. ती आली, दारातली पिकअप पाहिली, शेजाऱ्यांकडून काय ते ऐकलं, आणि त्या दुपारी 'जेवण वाढलंय' हे वाक्य तिने मांजराला उद्देशून म्हटलं.

धंदा मात्र दोघांचा. सकाळी जेटीवरून मासळी उचलायची, बर्फात घालायची, चिपळूणच्या बाजारात न्यायची. गाडी मी चालवायची, विक्री तिने करायची. बाजारात ती गिऱ्हाइकांशी अखंड बोलायची आणि गाडीत बसली की खिडकीबाहेर तोंड करायची. जाऊन-येऊन पाच तास. मी रेडिओला उत्तरं द्यायला लागलो होतो, यावरून काय ते समजा.

मासेमारीची पावसाळी बंदी उठल्यावर पहिल्याच आठवड्यात कामथ्याच्या घाटात गाडी उकळली. कंपनीने डॅशबोर्डवर एक लाल दिवा दिलेला आहे. तो पेटला तेव्हा बॉनेटमधून वाफ येत होती, म्हणजे मला दिसत होतं तेच त्याने सांगितलं. बर्फ वितळला, बांगडा नरम पडला, सगळा माल टाकावा लागला. तेव्हाच ठरवलं, पाण्याचं तापमान आणि ऑइलचं प्रेशर दाखवणारी काट्याची मीटरं बाहेरून बसवून घ्यायची.

शहरातल्या गॅरेजवाल्यांनी नव्या गाडीला भोकं पाडायला नकार दिला. मग मी जेटीवरच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी जन्मभर फक्त होड्यांची इंजिनं केली आहेत. चावी ठेवून जा म्हणाले. संध्याकाळी गेलो तर दोन मीटरं बसलेली होती, होडीवरचीच, पितळी कडांची, पुरीएवढी. दोन्ही डाव्या सीटसमोर होती आणि दोन्हींची तोंडं डावीकडे वळवून नटबोल्टने आवळलेली होती. माझ्या सीटवरून फक्त पितळेची कड दिसत होती.

मी म्हटलं, गाडी मी चालवणार, तर काटे मला दिसायला नकोत का. त्यांना माझी तक्रारच कळेना.

"सुकाणू धरणाऱ्या तांडेलान फुडं बगायचं," ते म्हणाले. "इंजिनाकडं बगायला दुसरा माणूस असतो. काट्याकडं बगत बसलास तर खडकावर घालशील."

ही होडी नव्हे, असं मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली. वर वायरी इतक्या मापात कापल्या होत्या की उजवीकडे पोचणंच शक्य नव्हतं. मी तशीच गाडी घेऊन आलो. गाडीला आता दुसरा माणूस लागणार होता, आणि माझा दुसरा माणूस मांजराशी बोलत होता.

दुसऱ्या दिवशी बायको गाडीत बसली, समोरच्या दोन मीटरांकडे पाहिलं आणि खिडकीकडे वळली. सावर्ड्यापर्यंत मी दम धरला. घाट चढायला लागल्यावर राहवेना. समोरच्या काचेकडे बघत, कोणालाच उद्देशून नाही अशा बेताने मी विचारलं, "काटा किती?"

दोन वळणं गेली. मग डावीकडून आवाज आला, "अठ्ठ्याऐंशी."

पाच महिन्यांत तिने माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द. माझा गिअर चुकला आणि मागच्या ट्रकवाल्याने आईवरून शिवी दिली. तीही मला त्या दिवशी गोड लागली.

मग हेच आमचं बोलणं झालं. हातखंब्याला मी विचारायचो, ती म्हणायची अठ्ठ्याहत्तर. संगमेश्वरला ऐंशी. घाटात नव्वदपर्यंत जायची, आणि उतरणीला तिचा आवाजसुद्धा थंड व्हायचा. आकड्यापलीकडे एक अक्षर नाही. एकदा नाक्यावर पोलिसाने गाडी थांबवली. मी कागद काढत असताना सवयीने विचारून गेलो आणि ती "एक्याऐंशी" म्हणाली. पोलिसाने विचारलं, हे काय. मी म्हटलं, इंजिनाचं तापमान. तो खाली वाकून आमच्या दोघांकडे बघत राहिला, आणि कागद न बघताच त्याने आम्हाला सोडलं.

मिस्त्री मध्ये एकदा म्हणाले, लांब वायर आलीय, फिरवून देऊ का. मी नको म्हटलं. खरं सांगायचं तर गाडी थंडगार असतानाही मी विचारायचो.

मार्गशीर्षात एकदा बाजार आटोपून परत येताना ती भाजी घ्यायला सावर्ड्याला उतरली. इंजिन चालू होतं. मी सहज वाकून तापमानाचं मीटर बघितलं. काटा तळाला पडलेला होता. टिचकी मारली तरी हलला नाही. इंजिन तर नुकतंच कामथ्याचा घाट चढून आलं होतं.

ती भाजीची पिशवी घेऊन आली, बसली. मी गाडी काढली आणि विचारलं, "काटा किती?"

तिने मान वाकवून मीटरकडे नीट पाहिलं. "ब्याऐंशी."

बावनदीनंतर निवळीचा घाट लागला. पुन्हा विचारलं. "शहाऐंशी." अर्ध्या चढावर, "नव्वद होत आला." बिचारी चढाप्रमाणे वाढवतही होती. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

"काटा मेलाय," मी म्हटलं.

"दसऱ्यापासून."

"मग हे आकडे?"

"आवाजावर सांगते. बाबांच्या होडीवर वाढलेय, इंजिन कवा तापलं ता कळतं मला." मांडीवरची भाजीची पिशवी सरळ करत ती म्हणाली, "तुम्ही इचारीत होतात, मग काय सांगू?"

मला हसू येत होतं. ते ओठांवर यायच्या आत तिने माझ्याकडे तोंड वळवलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"पाण्याचा काटा दर पाच मिन्टांनी इचारता. होडी इकताना एकदा इचारलं नाय."

माझ्याकडे कारणं होती. गिऱ्हाईक घाईत होतं, फोन लागत नव्हता, डिझेल परवडत नव्हतं. बाकी सगळं खरं होतं, फोनचं खोटं होतं; मी लावलाच नव्हता. ती नाही म्हणेल या भीतीने लावला नव्हता. तेवढं मी तिला सांगितलं. चुकलं, असंही म्हटलं. मग धीर करून विचारलं, तेव्हा विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस.

"इका म्हटलं असतं," ती म्हणाली. "तळाचं लाकूड कुजलं होतं तिचं. मला म्हायत नव्हतं काय?"

शेजारून एक डंपर धूर सोडत वर गेला. तिने काच वर केली आणि धूर विरल्यावर खाली घेतली.

"पण आदी येकदा येऊन बसले असते तिच्यात."