घासलेला वाघ

शिंपीणकाकूंनी अंगावर कधी गुंजभर सोनं घातलं नाही. शिलाईचे चार पैसे साठले की त्या सोन्याचं नाणं घ्यायच्या, तेही प्राण्याचं चित्र असलेलं. हत्ती, गेंडा, गरुड आणि सगळ्यांत लाडका वाघ. जो तो आपापल्या प्लास्टिकच्या डबीत बंद. नाण्याला बोट लावायचं नाही, हा घरातला कायदा. तो काकूंनी स्वतःही कधी मोडला नाही.

काका पडले स्वच्छतेचे भोक्ते. काकूंच्या वाढदिवसाला खूश करायचं म्हणून त्यांनी वाघ डबीतून काढला आणि टूथपेस्ट लावून आरशासारखा लख्ख घासला.

काकूंनी कपाळावर हात मारला आणि काकांना घेऊन तडक नाण्यांचं दुकान गाठलं. दुकानदाराने भिंगातून पाहिलं. "अंगभर ओरखडे पडलेत, काकू. चित्रामुळे मिळणारे जादा पैसे गेले. आता नुसता सोन्याचा भाव."

"नुसता सोन्याचा?" काका फणकारले. "मी काय त्याचं पितळ केलं?"

दुकानदाराने नाणं काकूंच्या तळहातावर ठेवलं. आता जपायचं तरी काय, म्हणून त्यांनी वाघाच्या मिशांवरून अंगठा फिरवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. वाघ गार होता, आणि वाटला होता त्याहून जड. काकूंना हसूच फुटलं. वाटभर त्यांनी मूठ उघडली नाही.

ते पाहून काकांना धीर आला. दारात चपला काढताना त्यांनी हळूच विचारलं, "मग हत्तीवरही जरा हात फिरवू का?"