साडूंचा जांभई देणारा बेडूक

समोरच्याला दमवण्यात माझ्या साडूंचा हात धरील असा माणूस अख्ख्या सिल्वासात नाही, आणि हे मी दमलेल्यांपैकी पहिला म्हणून सांगतोय. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मूळचे जळगावकडचे, इथे धाग्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला. मशीन बंद पडलं की बाकीचे पाने-पक्कड घेऊन धावतात. साडू स्टूल घेऊन जातात. मशीनसमोर बसतात आणि ऐकत राहतात. "तेच सांगेल भो, काय दुखून राहिलं ते," म्हणतात. मशीन त्यांना खरंच सांगतं अशी कामगारांची समजूत आहे. एकदा टोकरखाड्यातल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी पाण्याच्या टाकीवरून त्यांच्याशी भांडायला आला. साडू दर पाच मिनिटांनी "बरं, पुढे?" एवढंच विचारत होते. अर्ध्या तासाने सेक्रेटरी स्वतःचीच चूक कबूल करून, तिसरा चहा नको नको म्हणत जिना उतरला.

अशा माणसाच्या हाती आमचा खेळ द्यायला नको होता, पण दिला तो मीच. सिल्वासाच्या आमली भागात एका फरसाणवाल्या शेठच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे रविवारी दुपारी आम्ही सहाजण मोबाइलवर प्राण्यांच्या झुंजी खेळायचो. प्रत्येकाकडे सहा काल्पनिक प्राणी. कुणी आग ओकतो, कुणी पाणी मारतो, कुणी नुसताच धडका देतो. आळीपाळीने चाली करायच्या, आणि ज्याचे सहाही प्राणी आधी आडवे होतील तो हरला. पंधरा मिनिटांत निकाल. पोराबाळांची माणसं हे खेळतात हे घरी समजावून सांगताना मी अनेकदा थकलोय, पण आठवडाभर धाग्याच्या धुळीत काढल्यावर माणसाला एखादा प्राणी आग ओकताना बघावासा वाटतो. साडू तिथे आले ते खोलीचा पंखा दुरुस्त करायला. पंखा दहा मिनिटांत फिरला. साडू मात्र पुढच्या रविवारीही आले, आणि आम्ही सातजण झालो.

पहिले दोन महिने ते सगळ्यांकडून हरले. त्यांची बोटं जाड, चाल निवडायला त्यांना वेळ लागे, आणि कुठल्या प्राण्याचं कुणापुढे चालत नाही हे तर त्यांना कधीच पाठ झालं नाही. मग कुठूनतरी त्यांना तो बेडूक सापडला. भोपळ्यासारखा फुगलेला, हिरवट, दिसायला अत्यंत निरुपद्रवी. तो फक्त जांभई द्यायचा. त्याने जांभई दिली की समोरचा प्राणी झोपलाच. तुम्ही दुसरा प्राणी पुढे केलात की तोही झोपायचा. सहाही झोपले की साडू बेडूक मागे घेऊन एक वेल पुढे आणायचे. ती वेल झोपलेल्यांचं रक्त थेंब थेंब शोषायची, इतकं सावकाश की एकेक सामना दीड दीड तास चाले. धुळ्याचा एक फिटर आमच्यात आहे. एका सामन्यात तो मोबाइल पालथा ठेवून खाली गेला, फाफडा खाल्ला, गावी आईशी फोनवर बोलला आणि परत आला, तरी त्याचे प्राणी झोपलेलेच होते. शेठ दर थोड्या वेळाने जिन्यातून डोकावून विचारी, "हजी चाले छे?" आणि हो, अजून चालूच आहे, अशा आम्ही नुसत्या माना हलवत असू. बेडूक आला त्या रविवारपासून साडू एकही सामना हरले नाहीत. एकेक माणूस काहीतरी कारण काढून गैरहजर राहू लागला.

शेवटी जांभईवर बंदी घालायची की नाही यावर आम्ही बैठक घेतली. फिटर म्हणाला, "खेळ बनवणाऱ्यानंच दिलाय ना तो बेडूक? मग ते वापरून राहिले तर काय चुकलं? उद्या आगीवर बंदी घालाल." साडूही शांतपणे म्हणाले, "न झोपणारं घुबड आहे ना खेळात. ते घ्या टीममध्ये. उपाय आहे, तर बंदी कशाला?" मुद्दा बिनतोड होता. पण आमच्यात नाशिकच्या एक बाई आहेत, एका कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. त्या म्हणाल्या, "घुबड घेतलं होतं मी. सगळ्यांनीच घेतलं. मग सगळ्यांच्या टीम सारख्याच झाल्या, काका. आणि घुबड मेलं की पुन्हा तेच. माझी आठवड्यातली एकच दुपार मोकळी असते. ती मी झोपलेल्या प्राण्यांकडे बघत घालवते."

मग मतं घेतली. हात वर झाले. तीन बंदीच्या बाजूने, तीन विरुद्ध. निर्णय माझ्यावर आला. मी साडूंकडे न बघता बंदीच्या बाजूने हात वर केला.

मला वाटलं होतं साडू उठून जातील. ते म्हणाले, "नियम लिहिलाय कसा ते वाच." मी वाचलं, 'बेडूक वापरायचा नाही.' "कच्चं आहे," ते म्हणाले. "जांभई आणखी दोन प्राण्यांना येते. ते आणीन मी उद्या. असं लिही, समोरच्याचा एका वेळी एकच प्राणी झोपवता येईल. आणि कुणाचा प्राणी बरा व्हायला आपण होऊन झोपला, तर तो यात धरायचा नाही. नाहीतर भांडणं होतील." असा स्वतःविरुद्धचा नियम त्या माणसाने गळका नळ दुरुस्त करावा तसा पक्का करून दिला.

त्यानंतर पाच रविवार ते आले आणि पाचही रविवार भराभर हरले. सहाव्या रविवारी आले नाहीत, सातव्याही. आठव्या रविवारी खेळायला जायच्या आधी त्यांच्या घरी गेलो तर मेहुणीचा शिवणक्लास चालू होता. ती मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "दुधनीला गेलेत. हल्ली तिकडेच जातात."

दुधनीला मधुबन धरणाच्या पाण्याशी एका दगडावर ते होड्या बघत बसले होते. मी बाजूला टेकलो. "रुसलात काय, साडूभाऊ? नियम थोडा सैल करू म्हणतात सगळे."

"छे छे. बाई बरोबर बोलल्या. कुणाची दुपार खायची नसते." मग म्हणाले, "पण आता कसं, मी पाच मिनिटांत हरतो. समोरचा 'चला काका' म्हणतो अन् दुसऱ्याशी खेळायला जातो. पोरं दोन्ही पुण्याला, तुझी मेहुणी क्लासात. त्या बेडकामुळे दीड तास कुणीतरी समोर बसून राहायचं भो. शिव्या देत का होईना."

आजही मत द्यायची वेळ आली तर मी बंदीच्या बाजूनेच देईन. खेळ त्या नियमानेच वाचला. पण दोन्ही बाजू खऱ्या असल्या की माणूस फार थकतो. तिकडे आमलीत सगळे माझी वाट बघत होते. 'आज माझ्याशिवाय सुरू करा' असं ग्रुपवर टाकून मी मोबाइल खिशात घातला आणि विचारलं, "त्या फिटरला पहिल्यांदा हरवलंत, तेव्हा आधी कुणाला झोपवलं होतं?"

साडूंनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. चेष्टा नाही अशी खात्री झाल्यावर ते दगडावरून माझ्याकडे वळून बसले आणि पहिल्या चालीपासून सांगू लागले. त्यांच्या गोष्टीतला सहावा प्राणी झोपला तेव्हा पाण्यावरचं ऊन उतरलं होतं, आणि वेल तर अजून यायचीच होती.