आई मंडपात बसली हाये

माइक हातात घेतला की ते आधी त्यावर नखानं टकटक करत. मग समोर रडवेल्या चेहऱ्यानं उभ्या असलेल्या माणसाकडे वळून म्हणत, "बसा. तुमी सापडले. आता दुसऱ्याले धुंडू."

बहिरमच्या जत्रेत हरवलेल्यांचा मंडप सांभाळणारा हा माणूस. सगळे त्यांना पुकारेमामा म्हणत. उभी हयात एस.टी.त कंडक्टर म्हणून गेलेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही गर्दी दिसली की तोंडून "पुढं सरका, पुढं सरका" निघायचंच. देवाच्या रांगेतसुद्धा.

आमचं पत्रकांचं टेबल त्यांच्या मंडपाला लागून असे. अमरावतीत वडील छापायचे, जत्रेत मी वाटायचे: हुंडा, दारू, बुवाबाजी यांच्याविरुद्ध. मामांनी एकदा एक पत्रक वाचलं आणि परत दिलं. "लिवलं झणझणीत हाये पोरी. पण याच्यात नाव कोनाचंच नाई. नाव नसलं का जो तो समजते, हे शेजाऱ्याबद्दल हाये."

मला राग आला होता. पण ते बरोबर होते.

तुम्ही बहिरमला गेला नसाल, तर थंडीत एकदा जाच. सातपुड्याच्या पायथ्याशी राहुट्यांचं गावच उठतं. चुलीवर मातीच्या हंडीत मटण रटरटतं, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजतात, आणि टेकडीवर शेंदूर-लोण्यानं माखलेला देव हे सगळं बघत बसतो. माणूस तिथे सहज हरवतो. एक पोरगं मंडपात आलं, त्याला बापाचं नाव विचारलं तर म्हणालं, "बाबा." मामांनी गंभीर आवाजात पुकारलं, "बाबा नावाच्या इसमानं ताबडतोब मंडपात यावं." अर्धी जत्रा धावत आली. एक बाई नवरा हरवला म्हणून आली, तर म्हणाले, "वैनी, पुकारू, का आणखी थोडी शांतता पाह्यजे तुमाले?"

त्यांचा एक नियम होता. हरवलेल्याचं नाव ते पुकारत नसत. न्यायला येणाऱ्याचं पुकारत. "हरवलेलं मानूस तं इथं माह्यापाशी बसून हाये. गायब हाये तो तिकडचा."

एका वर्षी एक म्हातारी मंडपात आली. नवं लुगडं, हातात गाठोडं. "पोरगा पानी आणाले गेला," ती म्हणाली. पोराचं नाव सुधाकरराव, अकोल्याला त्याचं कापसाचं जिनिंग. (नाव मी बदललंय. तेही फक्त त्याच्या मुलीसाठी.) मामा पुकारत राहिले. दुपार झाली, ऊन उतरलं. म्हातारी म्हणाली, "त्याले रागावू नका. घाईत असते तो."

तिला पांघरायला काही काढावं म्हणून मामांनी गाठोडं उघडलं. आत तिची सगळी लुगडी होती, औषधं होती, आणि फ्रेममध्ये बसवलेला नवऱ्याचा फोटो. जत्रेला कोणी नवऱ्याचा फोटो घेऊन येत नाही. मामांनी गाठोडं पुन्हा बांधलं आणि माइक उचलला.

चौकीतून अकोल्याला फोन गेला. "ती आपल्या मर्जीनं निघून गेली, आम्ही काय करणार," असं उत्तर आलं. जत्रा उठली तेव्हा मामा तिला आपल्या घरी, परतवाड्याला घेऊन गेले. मामी तिची वेणी घालायची. रस्त्यावर गाडी वाजली की म्हातारी दारात येऊन उभी राहायची. होळीच्या आतच ती गेली. निरोप धाडूनही अकोल्याहून कोणी आलं नाही. अग्नी मामांनी दिला.

पुढच्या जत्रेत, दुपारी हंड्या चुलीवरून उतरायच्या वेळेला, भोंग्यातून आवाज आला: "अकोल्याचे सुधाकरराव, जिनिंगवाले, तुमची आई मंडपात बसली हाये. येऊन घेऊन जा."

मी टेबल सोडून मंडपात गेले. "मामा, आजी तर वारल्या ना?"

"मंग? त्यानं नेली का?"

रोज त्याच वेळेला ते पुकारायचे. राहुट्यांमधली हातातली कामं थांबायची. बायकांनी तर ठरवूनच टाकलं, पुकारा झाल्याशिवाय हंडीचं झाकण काढायचं नाही. जत्रेला आलेली अकोल्याची माणसं तो पुकारा घरी घेऊन गेली. लग्नाच्या पंगतीत कोणी वाढता वाढता विचारी, "काय सुधाकरराव, आई भेटली का?" मंडईत हमालही विचारू लागले.

मग एका जत्रेत सुधाकरराव आले. सोबत जत्रेच्या कमिटीचा एक माणूस.

"बंद करा हे. माझ्या पोरीची सोयरीक मोडली."

"पोरीचं वाईट झालं," मामा म्हणाले. "पोरीनं नव्हती सोडली."

"मेलेल्या माणसाचं नाव कशाला घेता?"

"तिचं कुठं घेतो? तुमचंच घेतो."

"मग काय करू मी आता? काय नेऊ?"

"हे मले काहून इचारता? मी फक्त पुकारतो." मामांनी माइक त्यांच्यापुढे धरला. "घ्या. तुमीच सांगा, आई नेली म्हनून. उद्यापासून बंद."

माइक सुरू होता. सुधाकररावांनी तो घेतला, आणि भोंग्याभोंग्यातून त्यांचा श्वास ऐकू आला. घोड्यासारखा. साऱ्या जत्रेनं तो ऐकला. मग माइक टेबलावर टाकून ते गाडीकडे गेले.

मला मुलीचं वाईट वाटलं. त्यांचं वाटलं नाही. आजही वाटत नाही. क्षमा करा असं सांगणारी माणसं मला पुष्कळ भेटली. त्यांच्यापैकी कोणी म्हातारीला दारात उभी राहिलेली पाहिली नव्हती.

कमिटीनं मामांना काढलं. त्याच उन्हाळ्यात ते वारले.

यंदा मंडपात यंत्र आहे. एका बाईचा गोड, टेप केलेला आवाज: "आपलं सहर्ष स्वागत. मौल्यवान वस्तू सांभाळा." दुपारी हंड्या उतरल्या. झाकणाला कोणी हात लावेना. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग एका राहुटीतून एकीनं तोंडाशी हात धरून हाक घातली, "सुधाकररावऽ, आई मंडपात बसली हायेऽ! घेऊन जाऽ!" पलीकडच्या राहुटीनं ती उचलली, तिच्या पलीकडच्यांनी पुढे दिली. अर्थ न कळणारी पोरंही गळा फाडून ओरडली. हाक टेकडीपर्यंत गेली, आणि मग झाकणं उघडली, वाफ वर आली.

पुण्याहून कॅमेरा घेऊन आलेला एक तरुण माझ्या टेबलापाशी आला. "ताई, काय भारी परंपरा आहे! कोणत्या देवाची आरोळी ही?"

"देवाची नाही," मी म्हणाले. "अकोल्याच्या एका माणसाची."

"आणि किती वर्षं चालणार ही?"

"ते अकोल्याला विचारा."