पडदे मोजायला आलोय!

नवी पेठेतल्या साडीच्या दुकानात बावीस वर्षं गादीवर बसलं की माणसाकडं दोन गोष्टी साठतात. एक पोट आणि दुसरे किस्से. पोट न विचारता दिसतं, किस्से विचारल्यावर निघतात. आणि एक काढला की कपाटातली साडी ओढल्यासारखं होतं, खालच्या चार आपोआप अंगावर येतात!

पण आज साडीचे नको. आज माझ्यासाठी थेरपिस्ट शोधला त्याचे सांगतो. गिऱ्हाइकं मला मामा म्हणतात, तुम्हीही म्हणा.

*

सुरुवात झाली एका बस्त्यात. लग्नाची सगळी कापडं एका बैठकीत घ्यायची म्हणून समोर तीसेक माणसं, त्यात सहा आत्या. मी शालू उलगडत होतो आणि एकदम छातीत धडधड सुरू झाली. हात ओले, घसा कोरडा, समोरच्या आत्या लांब लांब चालल्यात असं वाटायला लागलं. म्हटलं, संपलं. अटॅक! शालू तसाच टाकून मी मागच्या जिन्यात जाऊन बसलो.

दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "हार्ट एकदम ठणठणीत आहे. ही अँक्झायटी आहे. एखाद्या थेरपिस्टला भेटा."

माझ्या बायकोचं, आमच्या सुनंदाचं, तोंड उतरलं. "म्हंजे काईच निघालं न्हाई व्हय?"

माझा गादीवरचा जोडीदार इब्राहिमभाई. वीस वर्षं आम्ही मांडीला मांडी लावून बसतोय. तो म्हणाला, "मामू, कायकू डरते? साडी क्या काटती क्या?"

मला हसू आलं, पण खरं सांगतो, दुसऱ्या दिवसापासून मला बस्त्याची भीती बसली. जिन्यावर जास्त पावलं वाजली की मी कपाटाआड साड्या लावायला जायचो! आणि नेमकं त्याच महिन्यात आमच्या पल्लवीचं लग्न दुधनीच्या मुलाशी ठरलं. चार महिन्यांनी बस्ता, आमच्याच दुकानात. हजार पोरींचे बस्ते दाखवलेला माणूस आपल्या पोरीच्या बस्त्यातनं उठून पळाला तर?

सुनंदानं तंबी दिली, "दुधनीला कळलं तर म्हणतील, पोरीच्या बापाच्या डोक्यात कायतरी हाय. कुणाला म्हंजे कुणाला बोलायचं न्हाई!"

आम्ही कुणालाच बोललो नाही. फक्त दुकानातल्या अकरा जणांना सांगितलं.

*

आमचे शेठ म्हणाले, "साडी घ्यायची तर बायका तीन दुकानं फिरतात. तू तर डोकं देणार आहेस. तीन तरी बघ!"

पहिले बघितले पुण्याचे एक सर, व्हिडिओ कॉलवर. घरात खोल्या दोन आणि कान सहा, म्हणून मी दुकानाच्या वरच्या गोडाऊनमध्ये गाठोड्यांवर बसलो. सर चांगले होते, फक्त इंग्रजी लई. निम्मं कळेपर्यंत पुढचं यायचं.

सर म्हणाले, "डोळे मिटा. तुमची भीती नेमकी कुठं आहे ते शोधा. सापडली की मोठ्यानं सांगा."

मी डोळे मिटले. तेवढ्यात खालून इब्राहिमभाई ओरडला, "मामूऽ, वो जांभळी इरकल किधर रखी?"

बावीस वर्षांची सवय हो! डोळे न उघडता मी तिथनंच ओरडलो, "वरच्या कप्प्यात, डाव्या हाताला, दोन नंबरच्या गठ्ठ्याखाली!"

सरांनी ते वहीत लिहून घेतलं. मग हळूच म्हणाले, "वंडरफुल! इतकं स्पष्ट मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं."

इरकल तिथंच सापडली.

*

दुसऱ्यांदा शेठ म्हणाले, आता सोलापुरातलाच बघू, आणि समक्ष बघू. बघू म्हणजे सगळ्यांनी! आमच्या धंद्यात एकटं माणूस खरेदीला आलं की आम्हालाच चुकल्यासारखं वाटतं. तर मी, सुनंदा, तिचा भाऊ, शेठ, इब्राहिमभाई आणि शेठच्या वहिनी, कारण पसंतीला पोक्त बाईमाणूस लागतंच, अशी सहा माणसं दोन रिक्षा करून गेलो.

रिसेप्शनवरच्या मुलीनं विचारलं, "पेशंट कोण?"

इब्राहिमभाईनं मला पुढं ढकललं. "ये नवरी है!"

आतले सर तरुण होते. म्हणाले, "पेशंटनी एकट्यांनी आत यावं." शेठ म्हणाले, "असं कसं? बस्त्याला कुणी एकटं येतं का?" आणि सगळे आत. तीन खुर्च्यांवर सहा जण.

"झोप लागते का?" सरांनी मला विचारलं.

"घोरतात की!" सुनंदा.

"जेवण?"

"मेरा डब्बा भी खाता," इब्राहिमभाई.

"कशाची भीती वाटते?"

यावर मेव्हणा पंधरा मिनिटं बोलला. लहानपणी मी विहिरीत उडी मारायला भ्यालो होतो, ते त्यानं सगळं सांगितलं.

शेवटी सरांनी एक पद्धत समजावून सांगितली. श्वास कसा घ्यायचा, वहीत काय लिहायचं, किती आठवडे यायचं. शेठनी मन लावून ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "चांगलंय. आता ह्यात दुसरं दाखवा की!"

सर बिचारे सज्जन. त्यांनी खरंच दुसरी पद्धत सांगितली. मग तिसरी. निघताना शेठ म्हणाले, "जरा एक चक्कर मारून येतो."

हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकतोय. असं म्हणणारं गिऱ्हाईक परत येत नाही. आम्हीही गेलो नाही.

*

मधे दुधनीचे पाहुणे चहाला येऊन गेले. विहीणबाई बोलक्या, बोलता बोलता मधेच कानडीत शिरायच्या आणि हसत परत यायच्या. व्याही मात्र अबोल माणूस. बसल्या जागी टॉवेलनं तळहात पुसत होते. मी म्हटलं, पाव्हण्यांना आमच्या घरात लईच उकडतंय. पंखा वाढवला.

विहीणबाई सांगत होत्या, "आमचे हे दर पंधरा दिवसाला सोलापुरात असतात बघा. पंपाच्या मोटरीचा पार्ट आणायला! एवढ्या पार्टात दोन नव्या मोटरी झाल्या असत्या."

व्याह्यांनी चहाचा कप तोंडाला लावला तो बराच वेळ खाली घेतला नाही. मला वाटलं, मितभाषी माणूस आहे. आपण स्वतः धडधडत असलो की दुसऱ्याचं काही दिसत नाही.

*

तिसऱ्यांदा मी कुणालाच सांगितलं नाही. एका मॅडमचा पत्ता मिळाला होता. फोनवर नाव नोंदवलं आणि दुपारी जेवायच्या सुट्टीत एकटा गेलो.

बाहेर तिघं बसले होते. न विचारताच एकजण म्हणाला, मी भाच्यासाठी आलोय. एक बाई म्हणाल्या, मी शेजारणीसाठी. तिसरा म्हणाला, मी नुसता उन्हाचा बसलोय! एवढ्यात दार उघडून आल्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक, ज्यांच्या तिन्ही सुनांचे बस्ते मी दाखवलेत.

"अगं बाई! मामा, तुमी हितं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पडदे मोजायला आलोय!"

आमच्या दुकानात पडद्याचं कापड मिळतं आणि खिशात टेप कायम असते. आता बोललोय म्हटल्यावर मोजणं आलं. टेप काढली, स्टुलावर चढलो आणि खिडकी मोजायला लागलो. रिसेप्शनवरच्या मुलीनं आत जाऊन सांगितलं. मॅडम स्वतः बाहेर आल्या. चाळिशीच्या, साध्या सुती साडीत.

"बरं झालं बाई! कधीपासनं पडद्यांचं म्हणतेय. आतलीपण खिडकी मोजा की."

मी आतलीपण मोजली. थोड्या वेळानं मुलीनं माझंच नाव पुकारलं. दोनदा पुकारलं. मी खिडकीकडं तोंड करून, टेप ताणून गप्प! तिनं वहीत लिहिलं, 'पेशंट आले नाहीत.'

भीतीवर इलाज शोधायला गेलेला माणूस दोन खिडक्यांची ऑर्डर घेऊन दुकानात आला. शेठ खूश!

*

पुढच्या आठवड्यात पडदे लावायला मीच गेलो. आतल्या खोलीत स्टुलावर उभा राहून कड्या अडकवत होतो. एक कडी तीनदा खाली पडली.

मॅडमनी स्टूल धरलं. "मामा, कडी का पडतेय सारखी?"

काय झालं कुणास ठाऊक. भिंतीकडं तोंड करून मी बोलायला लागलो. तो शालू, तो जिना, पल्लवीचा बस्ता, दुधनीला कळायची भीती, सगळं. त्यांनी मधे एकदाही तोंड घातलं नाही. मला रडू आलं. पडद्याच्या कापडालाच डोळे पुसले, आता लाज कसली? खाली उतरलो तेव्हा पाऊण तास झाला होता आणि बाई अजून स्टूल धरून उभी होती.

"गेल्या आठवड्यात न आलेले पेशंट तुम्हीच ना?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "व्हय."

त्या म्हणाल्या, "भीती आली तर येऊ दे की. नको असलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही हाकलता का? बसू देता. बघून बघून ते आपलं आपण उठून जातं."

हे मला कळलं! एकदम कळलं. जिना उतरताना कित्येक दिवसांनी मला भूक लागली होती.

मग मी दर आठवड्याला जायला लागलो. त्यांनी एक युक्ती दिली. धडधड सुरू झाली की समोरच्या पाच वस्तूंची नावं सावकाश घ्यायची. मी म्हटलं, "मॅडम, वस्तू नको. मी रंग घेतो. बाकी मला काही येत नाही."

"घ्या रंग. हा पडदा कुठला? ग्रीन?"

"ग्रीन काय मॅडम! शेवाळी म्हणायचं."

त्या खळखळून हसल्या. रिसेप्शनवरची मुलगी सांगत होती, त्या दिवसापासून पडद्याला कुणी ग्रीन म्हटलं की मॅडम लगेच दुरुस्त करतात, ग्रीन नाही, शेवाळी!

*

सराव मात्र महागात पडला. शेअर रिक्षात बसलो होतो, गर्दी वाढली, धडधड चालू झाली. मी पुटपुटलो, "लिंबू... राणी... मोतिया..." समोरच्या बाईंच्या पदरावर नजर गेली आणि म्हटलं, "आमसुली."

बाई कडाडल्या. "काय बघताय वो? लाज न्हाई वाटत?"

सगळी रिक्षा माझ्याकडं वळली. मी हात जोडले. "ताई, फक्त रंग बघतोय. साडीवाला आहे. आमसुली रंग आता मिळत नाही हो असा!"

बाईंनी पदर एकदा न्याहाळला. मग म्हणाल्या, "कुटल्या दुकानात असता?"

दुसऱ्या दिवशी त्या चार जावा घेऊन आल्या.

*

आणि आला पल्लवीचा बस्ता.

आमच्या दुकानाची रीत आहे. ज्याच्या घरचा बस्ता, त्यानं त्या दिवशी गादीवर बसायचं नाही, गिऱ्हाइकासारखं समोर बसायचं. बावीस वर्षांत मी त्या बाजूनं दुकान कधी पाहिलंच नव्हतं. कपाटं केवढी उंच दिसतात हो तिथनं! माझ्या एका बाजूला सुनंदा, दुसऱ्या बाजूला व्याही, पलीकडं विहीणबाई आणि मागं दुधनीची पंचवीस माणसं.

पल्लवीनं पहिला शालू खांद्यावर टाकला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "पप्पा, कसा दिसतोय?"

झालं. धडधड! हात ओले. जिना कुठल्या बाजूला आहे ते मी बघून ठेवलं. सुनंदानं माझा गुडघा दाबून धरला.

इब्राहिमभाईनं माझा चेहरा ओळखला. काही न बोलता त्यानं एक साडी माझ्यासमोर फेकली. "मामू, ये कौनसा?"

"अबोली," मी म्हटलं.

दुसरी. "ये?"

"मोरपंखी."

दुधनीच्या बायकांना वाटलं, हीच आमची दाखवायची पद्धत आहे. त्या कौतुकानं पुढं सरकल्या. तिसरी आली. "डाळिंबी." चौथी. "चिंतामणी." पोरगी माझ्याकडंच बघत होती.

पाचवी साडी उलगडली आणि माझा आवाज बसला. रंग समोर दिसतोय, मी जन्मभर विकलेला रंग, आणि शब्द फुटेना. मी उठायला हात टेकला.

"शेवाळी," शेजारून आवाज आला.

व्याही! दिवसभरात पहिला शब्द. त्यांनी टॉवेलनं तळहात पुसला आणि तोच हात माझ्या ओल्या हातावर ठेवला. माझ्याकडं न बघता, मलाच ऐकू जाईल इतक्या हळू ते म्हणाले, "बसा पाव्हणं. आपलं आपण उठून जातं."

मी बसलो.

विहीणबाई नवऱ्याकडं बघतच राहिल्या. "अगं बाई! ह्यांना लाल न् भगवा एकच दिसतो. तुमाला रंगातलं कवापासनं कळाय लागलं?"

"मोटरीच्या पार्टाच्या दुकानात शिकलो," व्याही म्हणाले.