पश्चिमेची भिंत बघायला गेले होते

तिसरी घागर ओतली की चुनकळी खवळायची. चुन्याची ढेकळं फुटून खड्ड्यातलं पाणी खदखदायला लागायचं, पांढरी वाफ उठायची, आणि आमचे मिस्तरी, म्हणजे माझे मालक, खड्ड्याच्या पलीकडून सांगायचे, "तोंड फिरव. डोळं सांभाळ." मी पदर नाकाला लावून मागे सरायची. त्याआधी तीन दगडांच्या चुलीवर चहा झालेला असायचा, हापशावरून पाणी आणून झालेलं असायचं, आदल्या दिवशी लिंपलेल्या भिंतीला पाणी मारून झालेलं असायचं. जो दिवस आठवतो त्या दिवशीही सगळं तसंच झालं. वाफ बसली, मी लांब दांड्याच्या फावड्यानं चुना ढवळला, हात धुऊन गोडं तेल चोळलं आणि बेलफळं फोडायला बसले. त्यांचं पाणी चुन्यात जातं, गुळाच्या पाण्याबरोबर. तेव्हा माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं.

जानेवारीत गणपतरावांचा फोन आला तेव्हा मला हीच सकाळ आठवली. आम्ही बांधलेल्या वाचनालयाचे ते शिपाई. आता निवृत्त झालेत, तरी रोज सकाळी जाऊन पेपर लावतात.

"वहिनी, आपलं वाचनालय पाडायलेत," ते म्हणाले. "शुक्रवारी नगरपरिषदेची सभा हाय. विषय नंबर चौदा."

हा ब्लॉग मला परभणीच्या लेकीनं काढून दिला. वालूरची बारव बघायला लांबून माणसं येतात. त्यांनी कुठे उतरावं, जेवण कुठे बरं मिळेल, एवढंच मी आजवर लिहीत आले. या वेळी मीच प्रवासाला निघाले. जिथे गेले त्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण निर्णय अजून व्हायचा आहे आणि माणसं आपली आहेत. गोदावरीपासून जवळ, लहान नगरपरिषदेचं गाव, एवढं पुरे.

गुरुवारी सकाळी वालूरहून जीपनं सेलूला गेले. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा अर्धा तास हातात ठेवूनच निघावं. सेलूच्या अलीकडे जिनिंगला चाललेल्या कापसाच्या गाड्या लागतात. या दिवसांत रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लटकलेला असतो. बसस्टँडवर सुशीला खाल्ली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा प्रकार. गरम असतानाच खा, गार झाली की तिचा लगदा होतो.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. कंडक्टरनं माझी पिशवी वर ठेवायला उचलली आणि तसाच थांबला.

"मावशी, काय भरलंय हिच्यात? लय जड लागायलीय."

"दगड हाय."

"दगड? आन तिकडं काय दगडाचा दुष्काळ पडलाय का?"

"तिकडचाच हाय. माघारी न्यायलेय."

तो हसला आणि पिशवी माझ्या पायाशी ठेवली. आत मिस्तरींचा घोटायचा गोटा होता. चुन्याचा शेवटचा हात ओला असतानाच या गोट्यानं तासन् तास घासायचा, मग भिंत अंड्याच्या टरफलासारखी होते. तो गोटा त्यांनी गोदावरीच्या पात्रातून निवडून आणला होता. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांची हत्यारं मी पोत्यात बांधून माळ्यावर टाकली होती आणि परत सोडली नव्हती. त्या दिवशी निघताना पोतं खाली घेतलं आणि फक्त गोटा काढला. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

पाथरीला बस बदलावी लागते. पुढचा रस्ता काही ठिकाणी चांगला आहे, काही ठिकाणी काम चालू आहे. दोन्ही बाजूंना जवारी उभी होती, कणसं भरलेली. तिकडे जाणार असाल तर याच दिवसांत जा, कुणी ना कुणी हुरड्याला बोलावतंच. पुलावरून गोदावरी दिसली. बंधाऱ्यामुळे पाणी तुंबून रुंद झालंय. पूर्वी तिथे वाळू होती. रविवारी काम बंद असलं की आम्ही त्या वाळूत बसायचो. मिस्तरी गोटे हातात घेऊन बघायचे, एखादा गालाला लावून बघायचे आणि फेकून द्यायचे. आता ती जागा पाण्याखाली आहे. बस पुलावरून जाईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत होते.

दुपारी पोचले. वाचनालय नगरपरिषदेच्या आवारातच, चिंचेखाली. बांधलं तेव्हा सिमेंट वेळेवर येईना. जवळच निजामाच्या काळातली चुना मळायची दगडी घाणी पडून होती. तेव्हाचे ओव्हरसियर म्हणाले, चुन्यातच उचला. दगडी जोतं, चुन्याच्या जाड भिंती, आणि फरशीखाली हौद, ज्यात छपराचं सगळं पाणी उतरतं. मे महिन्यात वीज गेली तरी तिथे बसवतं. गणपतराव सांगत होते, परीक्षेच्या दिवसांत पोरी घरचा कूलर सोडून इथे येतात.

मी वाचायला शिकले ती इथेच. मिस्तरी चौथी शिकलेले, मी शाळेत गेलेलीच नाही. चुन्याचा पहिला हात मारला की तो ओला असताना त्याच्यावर खिळ्यानं ओरखडे काढायचे असतात, म्हणजे दुसरा हात धरून राहतो. मिस्तरी ओरखड्यांच्या जागी अक्षरं काढायचे. रोज दोन. मी पाणी मारता मारता ती म्हणायची. दुसरा हात बसला की ती आत जायची. पश्चिमेच्या भिंतीत माझी सगळी बाराखडी आहे.

आणि बिघडली होती तीच भिंत. प्लास्टर फुगलेलं, खाली ओलीचे डाग, कोपऱ्यात पोपडे. मी बोटांच्या पेरांनी वाजवून बघितली. वरचं ढब ढब वाजत होतं.

"हे सिमेंट कुणी मारलं?" मी विचारलं.

"झाली सात-आठ वर्षं," गणपतराव म्हणाले. "पाऊस लागायला म्हणून वरचा चुना खरवडला आन सिमेंट मारलं. चांगल्यासाठीच मारलं की, वहिनी."

चांगल्यासाठीच मारलं होतं, हे खरं. पण चुन्याची भिंत श्वास घेते. पाणी पिते आणि उन्हात सोडून देते. तिला सिमेंटचा सदरा घातला की पाणी आतच राहतं. मी सैल झालेला एक पोपडा ओढला, तर परातीएवढा तुकडा हातात आला. आतला चुना नखाला लागेना, इतका टणक. त्याच्यावर रेघा होत्या. एक उभी, तिला चिकटलेली आडवी, खाली गोलावा. तो 'म' असेल. नाहीतर नुसतेच ओरखडे असतील, मिस्तरींच्या हाताखालची बाकीची पोरं तसेच ओढायची. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं, पण उजेड कमी झाला होता.

रात्री गणपतरावांकडे राहिले. त्यांच्या मालकिणीनं पिठलं, जवारीची भाकरी आणि ठेचा केला. गावात लॉज एकच आहे. खानावळी दोन आहेत, स्टँडमागची बरी.

शुक्रवारी अकराची सभा साडेबाराला सुरू झाली. मधली काही वर्षं प्रशासक होते, आता निवडून आलेली माणसं आहेत, नवी खुर्ची, नवा उत्साह. अध्यक्षांच्या परवानगीनं मागच्या बाकावर बसता येतं, बोलता येत नाही. पहिला विषय, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं. मग दिवाबत्तीची बिलं, गाळ्यांची मुदतवाढ, आठवडी बाजारातली गटार, मोकाट कुत्री. कुत्र्यांवर सगळ्यांत जास्त वेळ गेला. दोन सदस्यांचं एकाच गल्लीतल्या एकाच कुत्र्यावरून वाजलं. एक म्हणाला ते चावरं आहे, दुसरा म्हणाला ते माणूस ओळखून चावतं.

नववा विषय होता शाश्वत बांधकाम धोरण. यापुढे नवीन घराला परवानगी देताना शोषखड्डा, छतावरचं पाणी जमिनीत, गच्चीला पांढरा रंग, आणि भिंती उन्हाळ्यात तापणार नाहीत अशा.

"शोषखड्ड्याला जागा कुठाय?" एक वयस्कर सदस्य म्हणाले. "आमच्या गल्लीत दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला माघारी जावं लागतंय."

"मग म्हशीलाच विचारा, काका," शबानाताई म्हणाल्या. या तिथल्या नगरसेविका, शिलाई मशीन चालवून घर उभं केलेल्या. "उन्हाळ्यात टँकरमागं बायाच पळतात, म्हशी न्हाई पळत."

सगळे हसले आणि धोरण मंजूर झालं. मी गणपतरावांकडे बघितलं. जे सगळं त्या कागदात लिहिलं होतं ते भिंतीपलीकडे चिंचेखाली उभं होतं, आणि पाच विषयांनंतर ते पाडायची पाळी होती.

चौदावा विषय वाचला गेला: जुन्या वाचनालयाच्या इमारतीचं निर्लेखन. म्हणजे इमारत नोंदीतून उतरवायची, मग पाडायला मोकळीक. वाचताना कुणी मानसुद्धा वर केली नाही. शबानाताईंनी विचारलं, "आत्ताच तर नववा विषय घेतला. तीच इमारत थंड हाय, तिच्याखाली हौद हाय. पाडायची कशाला?"

अभियंता तरुण होता. बोलण्यात कुठे उर्मट नव्हता. "ताई, मलाही पाडायची हौस न्हाई. पण पश्चिमेची भिंत गेलीय. सिमेंटनं दुरुस्त केली तर पुन्हा तेच होणार, अन् चुन्याचं काम करणारा माणूस मी तीन तालुक्यांत हुडकला. मिळत न्हाई."

"मिळाला तर?"

"तर बघता येईल."

माझ्या तोंडून "हाय की" कधी गेलं ते मला कळलं नाही. मी उभी होते, हातात पिशवी.

"बाई, तुमाला सभेत बोलता येत न्हाई," अध्यक्ष म्हणाले. रागानं नाही, नियम म्हणून.

"मग माझ्या नावानं लिहा," शबानाताई म्हणाल्या. "आन बोला हो तुमी, मावशी. मी तेच म्हणते."

मी सांगितलं. भिंत गेलेली नाही, वरचं सिमेंट गेलंय. ते काढायचं, भिंत वाळू द्यायची, आणि चुन्याचे दोन हात मारून घोटायची. मी माझ्या आवाजात बोलत होते आणि वाक्यं मिस्तरींची होती.

"तुमी केलंय हे काम?" अभियंत्यानं विचारलं.

इथे मी खोटं बोलू शकले असते. "चुना मी मुरवलाय, कालवलाय. लिंपायला हाताखाली होते. घोटाई मालक करायचे. ते आता न्हाईत."

 मग ते म्हशीवाले काका म्हणाले, "द्या की एक भिंत. पाडायला काय, पुढच्या महिन्यातबी पाडता येती."

ठरलं ते असं: पश्चिमेच्या भिंतीचा दाराजवळचा तुकडा नमुना म्हणून करून बघायचा, अभियंत्यानं तपासायचा, आणि तोपर्यंत विषय चौदा पुढच्या सभेपर्यंत ठेवायचा. इतिवृत्तात सूचना शबानाताईंच्या नावानं गेली. मला त्याचं काही नाही. कोनशिलेवर मिस्तरींचंही नाव नाही. ते म्हणायचे, नाव फरशीवर लागतं, आपण भिंतीत आहोत.

बाहेर चहा पिताना शबानाताईंनी विचारलं, "मावशी, जमंल ना?"

"ठाऊक न्हाई," मी म्हटलं. आणि ते खरं होतं.

निघण्याआधी पुन्हा एकदा भिंतीपाशी गेले. दुपारच्या उन्हात त्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. तो 'म'च होता. शेजारी अर्धवट 'य', पुढे सिमेंट. फोटो काढायला मोबाइल बाहेर काढला आणि परत ठेवला. ही भिंत वाचवायची तर मलाच तिच्यावर हात मारावा लागणार, आणि ती दोन अक्षरं मलाच बुजवावी लागणार. उघडी ठेवली तर भिंत जाईल, तिच्याबरोबर तीही जातील.

संध्याकाळी सेलूला उतरले. रंगाच्या दुकानात चुनकळी मागितली. दुकानदार म्हणाला, "डिस्टेंपर न्या, अक्का. हे आता कोण घेतंय?" त्यानं मागच्या बाजूनं एक गोणी ओढून आणली. ढेकळं चांगली होती, हातात हलकी लागत होती. जीपवाल्यानं गोणीचं वेगळं भाडं घेतलं.

तिकडे जाणाऱ्यांनी वाचनालय नक्की बघावं. सकाळी आठ ते अकरा उघडं असतं, चपला बाहेर काढायच्या. पुढच्या सभेनंतर असेल का, ते मी सांगू शकत नाही. घरी आले तेव्हा घर होतं तसंच होतं. गोटा मी माळ्यावर ठेवला नाही, चुलीजवळ ठेवला. इतकी वर्षं मला वाटत होतं की मला परत जायचंय ते त्या गावात. बसमध्ये कळलं की गाव नाही, मला ते खड्ड्याच्या पलीकडून येणारं एक वाक्य परत ऐकायचंय, आणि त्याला कुठलीच बस जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात खड्डा केला, चुनकळी टाकली, आणि तिसरी घागर ओतताना तोंड फिरवलं.