चार बोटं जाड पुस्तक

दोस्तहो, आज माझ्या पुस्तकांच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं. ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायलोय.

पिंगळीचे एक काका. काउंटरवर हात आडवा ठेवून म्हणाले, "येवढं, चार बोटं जाड पुस्तक द्या."

नाव विचारलं तर म्हणे, "कोणतं बी चालतंय." मला हसू आलं. गमतीनं स्पर्धा परीक्षेचं सगळ्यात जाडजूड गाईड पुढं केलं.

काकांनी ते दोन्ही हातांत तोलून पाहिलं. खूश झाले. मग हळूच विचारलं, "ह्याच्यात शेवटी कुणी मरत तर न्हाई ना?"

मी म्हटलं, "का हो, काका?"

"आमची कारभारीण तीन महिने झाले अंथरुणावर हाय. सून रोज तिला वाचून दाखवती. मागच्या पुस्तकातली आजारी बाई शेवटी मेली. तवापासून ही लय गप हाय."

मी गाईड गुपचूप उचलून ठेवलं. काकांना चहा सांगितला आणि जाड कादंबऱ्यांची शेवटची पानं वाचत बसलो. सात पाहिल्या. सातही नापास.

काका उद्या परत येणार आहेत. आजारी बाई शेवटी उठून दारात येऊन बसते, असं चार बोटं जाड पुस्तक कुणाला माहीत आहे का?